पाश्चरीकरणाआधी आणि नंतर: शीवची मातृदुग्धपेढी

मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये स्थापन झालेली मातृदुग्धपेढी आशियातील पहिली मानली जाते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या आईला दूध उतरण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात डब्यातील पावडरीचे दूध दिल्यास आतड्याचा भाग मृत होण्याच्या जीवघेण्या विकाराचा धोका वाढतो, ही अडचण दात्या मातांच्या दुधाने भागवली जाते.

हे दूध शरीरातून आलेले असल्याने दात्या मातेच्या रक्तातील एचआयव्हीसारखा संसर्ग, तिची औषधे आणि तंबाखू त्यातून बाळापर्यंत पोहोचू शकतात, तर हात, पंप आणि भांडी यांतून जंतू मिसळतात. म्हणून स्वतःच्या बाळाचे भागून उरणारे दूधच स्वीकारायचे, संमती घेऊन एचआयव्ही, कावीळ ब आणि उपदंश यांसाठी रक्त तपासायचे, आणि जमा झालेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून झपाट्याने थंड करायचे, म्हणजेच त्याचे पाश्चरीकरण करायचे, असा क्रम दुग्धपेढ्यांत पाळला जातो. या उष्णतेने एचआयव्ही निष्प्रभ होतो. काही जिवाणूंचे बीजाणू मात्र, म्हणजे प्रतिकूल स्थितीत तग धरणारी त्यांची सुप्त रूपे, तिलाही पुरून उरतात. त्यामुळे पाश्चरीकरणानंतर नमुन्यात जंतूंची वाढ दिसली, तर ती सगळी खेप टाकून दिली जाते. निर्दोष ठरलेले दूध उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात.

सुरक्षिततेची किंमतही मोजावी लागते. दुधातील जिवंत पेशी मरतात, स्निग्धांश पचवणारे विकर निकामी होते, प्रतिपिंडे घटतात. संसर्गरोधक शर्करा तेवढ्या टिकतात. साहजिकच आईच्या स्वतःच्या दुधाचा मान पहिला, पेढीचा दुसरा.

ओळखीपाळखीत किंवा इंटरनेटवरून परस्पर मिळवलेल्या दुधाला यांपैकी कोणतीच चाळणी लागत नाही. अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या नमुन्यांच्या २०१३ मधील अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश नमुने जंतुदूषित निघाले, आणि २०१५ मधील अभ्यासात १०२ पैकी १० नमुन्यांत गाईच्या दुधाची लक्षणीय भेसळ सापडली. ही भेसळ अज्ञानातून झालेली नसावी. औंसावर पैसे मिळू लागले की दूध वाढवण्याचा मोह होतोच. भारतात दूध देणाऱ्या मातेला मोबदला देऊ नये, हा दंडक केवळ नैतिक नाही, तो भेसळीची वाटही अडवतो, आणि मे २०२४ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मानवी दुधाच्या व्यापारी विक्रीला कायद्यात परवानगी नसल्याचे स्पष्ट केले.