गॅस सुटला का?

पोट उघडून मोठी शस्त्रक्रिया झाली की दुसऱ्या दिवशीच्या राउंडला डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: ‘गॅस सुटला का?’ उत्तर ‘हो’ येईपर्यंत रुग्ण ‘एनबीएम’, म्हणजे तोंडाने काही नाही. नाकात राइल्स ट्यूब, हाताला सलाइन आणि शेजारी ओल्या कापसाने ओठ पुसणारी बायको. आतड्यांना हात लागला की ती काही काळ मंदावतात, ही समजूत खरीच होती. पण सगळा मार्ग एकाच वेळी जागा होत नाही. लहान आतडं काही तासांत हालचाल सुरू करतं, जठर एक-दोन दिवसांत आणि मोठं आतडं साधारण तिसऱ्या दिवशी. सुटलेला गॅस ही सर्वांत उशिरा उठणाऱ्याची खबर, आणि तिच्यासाठी साऱ्या शरीराला उपास.

त्या उपासाची किंमत वैद्यकाला ठाऊक नव्हती असंही नाही. 1936 मध्ये क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली यांनी अल्सरच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. आधीच वीस टक्क्यांहून अधिक वजन घटलेल्यांपैकी एकतृतीयांश रुग्ण दगावले होते. बाकीच्यांत हे प्रमाण शेकडा साडेतीन होतं. ग्लासगोचे डेव्हिड कथबर्टसन त्याच दशकात दाखवत होते की, मोठ्या इजेनंतर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. तरी प्रथा हलली ती 1990 च्या दशकात. कोपनहेगनचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी वेदनाशमन, लवकर खाणं, लवकर चालणं आणि नळ्या लवकर काढणं हे सगळं एकत्र बांधलं. आठ-दहा दिवस रुग्णालयात राहणारे मोठ्या आतड्याचे रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले. ‘इरास’ (शस्त्रक्रियेनंतर लवकर सावरणं) या नावाने आज जगभर चालते ती याच विचाराची पद्धत. तिच्यात ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी दोन तासांपर्यंत पाणी चालतं. आपल्याकडे मात्र ‘रात्री बारानंतर थेंबही नाही’ हा हुकूम अनेक ठिकाणी अजून कायम आहे.

कागदावरची ही पद्धत प्रत्यक्षात राबवतात त्या सिस्टर. शक्य तर त्याच संध्याकाळी रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवायचं, दुसऱ्या दिवशी चार पावलं चालवायचं. उशी पोटाशी घट्ट धरून खोकायला लावायचं आणि तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरमध्ये पुन्हा पुन्हा श्वास ओढायला लावायचा, नाहीतर छातीत कफ साचतो. दुखणं आवरलं नसेल तर यातलं काहीच होत नाही. म्हणून गोळीची वेळ पाळणं हेसुद्धा शुश्रूषेतलं मोठं काम. लघवी ताशी, किलोमागे निदान अर्धा मिली होतेय का? पोटातून काढलेल्या नळीतलं, म्हणजे ड्रेनमधलं, लालसर पाणी पिवळसर होतंय, की हिरवट, घाण वासाचं येतंय? पाचव्या-सहाव्या दिवशी नाडी वाढली, ताप आला, पोट फुगलं, तर आतड्याचा जोड गळत असण्याची शंका सर्वांत आधी वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरलाच येते. आता रात्रपाळीला एकीच्या माथी अख्खा वॉर्ड असेल तर तिने कुणाकुणाला चालवायचं?

स्टोमाची, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाची, पिशवी लावलेल्यांसाठी तर ही शुश्रूषा स्वतंत्र विद्याच झाली. क्लीव्हलंडचे डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी 1958 मध्ये या कामासाठी निवडलं ते स्वतः पिशवी वापरणाऱ्या नॉर्मा गिल या आपल्या रुग्णालाच.

खरी गडबड होते डब्यात. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 75 ते 90 ग्रॅम. घरून काय येतं? साबुदाण्याची खीर, वरणाचं वरचं पाणी, भाताची पेज, शहाळं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च आणि शहाळ्यात प्रथिनं नावालाच. त्यात ‘डाळीनं पू होतो’, ‘अंड्यानं टाके पिकतात’ असं सांगणारी मावशी प्रत्येक घरात असतेच. टाके पिकतात ते जंतूंमुळे, आणि जखम भरायला लागतात तीच प्रथिनं घरचे प्रेमाने बंद करतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ. घट्ट मुगाचं वरण, मऊ खिचडी, दही, पनीर, मासे चालत असतील तर कमी तिखटाचं कालवण, हे सगळं थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. आतड्याचा तुकडा काढला असेल तर सुरुवातीला कोंडा, सालं, कच्च्या भाज्या टाळाव्या लागतात, एवढंच.

अपवाद आहेत. आतड्यात अडथळा असेल, उलट्या थांबत नसतील किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील तर डॉक्टर सांगतील तेच खरं. आणि बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खाऊ घालणं जिवावर बेतू शकतं. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घसरतं. तिथे अन्न हळूहळू वाढवतात.

डिस्चार्जच्या दिवशी आपण ‘पथ्य काय?’ एवढंच विचारतो. यापुढे दिवसाला प्रथिनं किती, ती कशातून द्यायची आणि वजन कधी पाहायचं हेही विचारा, आणि उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहूनच घ्या.