आधी मागे सरका

रोह्याच्या एमआयडीसीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. ठेकेदाराची नवी पोरं कामावर आली की त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, काही सांडलं तर आधी मागे सरकायचं. सांडलं की पाणी ओतायचं, ही सवय आपल्याला घरातूनच लागलेली असते. इथे ती जिवावर बेतते. ९८ टक्क्यांच्या सल्फ्युरिक अ‍ॅसिडवर पाणी मारलं, तर ते जागीच उकळतं आणि अ‍ॅसिडचे शिंतोडे पाइप धरणाऱ्याच्याच तोंडावर उडतात.

मागे सरकायचं तेही वारा बघून. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला जायचं, विंड सॉक त्यासाठीच टांगलेला असतो. वायू गळला तर उंचीही बघायची. क्लोरीन हवेच्या जवळपास अडीचपट जड, जमिनीलगत पसरतो. म्हणून उंचावर जायचं, आणि जाताना ओरडून बाकीच्यांना उठवायचं.

अ‍ॅसिडचा कार्बॉय, म्हणजे मोठा कॅन, फुटला, तर गॉगल, फेस शील्ड, अ‍ॅसिडचे हातमोजे आणि गमबूट घातलेला, शिकवून तयार केलेला माणूसच पुढे जाईल. आधी गटाराच्या तोंडाशी कोरड्या वाळूचा बांध. मग सोडा अ‍ॅश कडेकडून आत, मूठमूठ. तो फसफसतो, लादी तापते. घाई केली तर उसळतो. फसफस थांबली की पीएच पेपर लावून बघायचं. लाकडाचा भुसा मात्र टाकू नका, नायट्रिक अ‍ॅसिड असेल तर तो पेटू शकतो.

डोळ्यात उडालं तर आयवॉशखाली किमान १५ मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून. माणूस दोन मिनिटांत ‘आता बरंय’ म्हणतो. त्याचं ऐकू नका, धरून ठेवा. अ‍ॅसिड लागलेले कपडे लगेच उतरवा, तिथे लाज नको. आणि आयवॉश दर आठवड्याला चालवून बघा. बंद राहिलेल्या नळातून आधी गंजाचं पाणी येतं.

भोपाळच्या १९८४च्या वायुकांडानंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक झालं. तरीही बऱ्याच ठिकाणी रसायनाची माहितीपत्रकं इंग्रजीत, फायलीत आणि फाइल ऑफिसच्या कपाटात. ड्रम ढकलणारा पोरगा म्हसळ्याचा नाहीतर बिहारचा. कारखानदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे, त्या माहितीपत्रकांतली प्रथमोपचाराची आणि गळतीची माहिती तरी मराठीत आणि हिंदीत करून ड्रमांशेजारच्या भिंतीवर लावा.