नाल्याकडची घरं

पहाटे ५:३०
भामरागड तालुक्यातलं एक गाव. सप्टेंबर, मलेरियाच्या डासांविरुद्ध घरोघरच्या फवारणीची दुसरी फेरी. लोक धानाच्या बांध्यांकडे निघण्याआधी पोचायचं, नाहीतर दाराला कुलूप. पाच हंगामी मजूर, एक मुकादम, दोन पंप. काम रोजावर. पावसानं दिवस बुडाला की रोजही बुडाला.

६:१५
हातपंपाचं पाणी, १० लिटर. त्यात अल्फासायपरमेथ्रिनची २५० ग्रॅम पावडर. आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग फडक्यातून गाळून बादलीत. गाळलं नाही तर नोझल तुंबतं. एका बादलीत साधारण तीन घरं होतात.

७:००
एकजण पंपाच्या पायट्यावर पाय रोवून दांडा मारतो, मिनिटाला वीस ते सव्वीस वेळा. दुसऱ्याच्या हातात नळी. नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर. वरून खाली ५३ सेंटिमीटरचा पट्टा, पुढचा पट्टा आधीच्यावर आठ सेंटिमीटर चढलेला. मास्कच्या आत घाम साचतो. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर टेकतो, तिथंच त्याला गाठायचं. म्हणून गोठाही फवारायचा आणि छपराची आतली बाजूही. लोक स्वयंपाकाची खोली सोडा म्हणतात, देवाची सोडा म्हणतात. सुटलेल्या खोलीत डास निवांत बसतो. मडकी, कणग्या, अंथरुणं बाहेर काढायचं काम मात्र घरातल्या बायांचं. त्याचा रोज नाही.

९:३०
महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा गडचिरोलीत. जिल्ह्यात तो छत्तीसगडला लागून असलेल्या जंगल तालुक्यांत, आणि गावात शिरलं की काही ठरावीक घरांत. मुकादमाच्या वहीत यंदाचे रुग्ण नाल्याकडच्या टोल्यात दाटलेले दिसतात. संथ वाहतं पाणी, काठाला गवत. डासाच्या अळ्यांना आणखी काय हवं? पंप तिकडे वळतात.

११:००
त्याच टोल्यात एक पोर तापानं पडलंय. आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेऊन मलेरियाच्या झटपट चाचणीच्या आरडी किटवर टाकते. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. पट्टीवर फाल्सिपेरम मलेरियाची रेघ उमटते. औषध तीन दिवसांचं; पहिला डोस ती समोरच देते आणि उरलेल्या दोन दिवसांसाठी पुन्हा येणार म्हणते. एका चाचणीमागे तिला १५ रुपये. त्यासाठी चिखलातून आलेली वाट कुठल्याच रकान्यात बसत नाही.

१:००
कोपरापर्यंत साबण लावून मगच भाताला हात. साबण ज्याचा त्याचा.

२:३०
एका आजीनं पांढरी माती भिजवून ठेवलीय. फवारलेल्या भिंतीवर ती फिरली की औषध मातीखाली गेलं.
"आजी, अडीच महिने भिंतीला हात लावू नका."
"मग दिवाळीत भिंती अशाच ठेवू का जी?"
मुकादम वाद घालत नाही. बाहेरून फवारत नाही, बाहेरून खुशाल पोतारा, आतून तेवढं राहू द्या, असं सांगतो. आजी विचार करते, आणि मातीचं घमेलं उचलून अंगणाच्या बाजूला नेते. या माणसाचं खरं कसब मला इथं दिसलं.

४:३०
पंप धुतात, पण नाल्यात नाही. या औषधानं मासे मरतात, आणि तेच मासे संध्याकाळी चुलीवर असतात. धुवण गावाबाहेरच्या खड्ड्यात. मुकादम कुलूपबंद घरं मोजतो. चार. त्यातली तीन नाल्याकडची. उद्या पाच वाजता यायचं ठरतं.