एक प्रत दुसऱ्या घरी

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या शिवाजी नगरच्या घरी बाबांची जुनी हार्ड डिस्क सापडली. कॉम्प्युटरला लावली, तर आतून नुसती टकटक. सहा नंबरच्या मार्केटमधल्या दुरुस्तीवाल्या काकांनीही हात टेकले. लग्नं, मुंजी, सहली तर गेल्याच, पण सगळ्यात मोठं दुःख म्हणजे आजीच्या आवाजातली हरतालिकेची कहाणी गेली. आजी जाऊन आता सहा वर्षं झाली.

अमेरिकेतल्या मावसभावाला फोन केला. दादा कॉम्प्युटर सुरक्षेच्या क्षेत्रात आहे. त्याचा पहिलाच प्रश्न, "दुसरी प्रत कुठे आहे?" मी गप्प. मग त्याने मला डेफकॉनची गोष्ट सांगितली.

डेफकॉन म्हणजे लास वेगासला दरवर्षी भरणारं हॅकर मंडळींचं मोठं संमेलन. जेफ मॉस यांनी ते १९९३ साली सुरू केलं. हॅकर म्हटलं की आपल्याला चोरच आठवतो, पण यंत्र कसं चालतं, कुठे फसतं हे खोदून बघणाराही हॅकरच. या संमेलनात 'डेटा डुप्लिकेशन व्हिलेज' नावाचा एक विभाग असतो. लोक घरून मोठ्या क्षमतेच्या कोऱ्या हार्ड डिस्क घेऊन येतात आणि रांगेत उभे राहून त्या जमा करतात. तिथल्या यंत्रांवर एका मूळ डिस्कवरून एकाच वेळी अनेक डिस्क भरल्या जातात. त्यात अनेक वर्षांच्या हॅकर संमेलनांमधल्या भाषणांचे व्हिडिओ असतात. 'इन्फोकॉन' नावाचा हा संग्रह इंटरनेटवरही आहे.

"मग डाउनलोड का नाही करत?" मी विचारलं.

"हिशेब कर," दादा म्हणाला. सहा टेराबाइटची डिस्क सेकंदाला १२० मेगाबाइटच्या वेगाने भरली, तर साधारण १४ तास लागतात. तेच घरच्या १०० एमबीपीएसच्या इंटरनेटवर पूर्ण वेग मिळाला, तरी साडेपाच दिवस! म्हणून आज डिस्क द्यायची आणि उद्या भरलेली घेऊन जायची.

पण वेगापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त पटली. संमेलन संपल्यावर तोच संग्रह कितीतरी घरांत पोहोचलेला असतो. उद्या मूळ संग्रहाला काही झालं, तरी कुणाच्या तरी कपाटात तो शिल्लक राहील.

आपल्याकडे हे शहाणपण महागात शिकायला मिळालं आहे. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली आला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते. त्या आगीत प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ फिल्मही गेल्या. ज्यांच्या प्रती आधीच काढलेल्या होत्या, ते चित्रपट आज आपण पाहू शकतो.

दादाने एक सोपा नियम सांगितला: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. एकाच कपाटात तीन डिस्क ठेवल्या, तर घरात पाणी शिरल्यावर तिन्ही जातील. शिवाय कॉपी झाली की फाइल उघडून बघायची आणि वर्षातून एकदा डिस्क चालू करून तपासायची.

मग मी सगळ्या नातेवाइकांना विचारत सुटले. आठवड्याभराने जबलपूरच्या आत्याचा फोन आला. तिच्या देवघराच्या खणात एक पेन ड्राइव्ह होता. कधीतरी बाबांनीच तिला भरून दिला होता, आणि दोघंही ते विसरले होते. लग्नाचे व्हिडिओ त्यात नव्हते. पण आजी होती! मध्येच खोकणारी, "पंखा बंद करा रे" म्हणणारी, पण कहाणी सुफळ संपूर्ण करूनच थांबणारी. आई त्या दिवशी तीनदा ऐकत बसली.

आता त्या कहाणीच्या पाच प्रती पाच घरांत आहेत.

म्हणून माझी एक सूचना आहे. येत्या गणेशोत्सवात आपणही एक टेबल मांडू या. दोन लॅपटॉप, काही कोऱ्या डिस्क आणि आपण तरुण मंडळी. ज्यांच्याकडे मंडळाच्या जुन्या नाटकांचं, आरत्यांचं, हळदीकुंकवाचं चित्रण असेल, त्यांनी ते आणावं आणि त्याची प्रत इतरांना द्यावी. सिनेमे, गाण्यांचे अल्बम नकोत, ते दुसऱ्यांच्या मालकीचे. फक्त आपलं, आणि त्यात दिसणाऱ्यांना विचारून. रिकामी डिस्कच आणा, म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही.

आणि हो, त्याआधी आजच घरातली जुनी डिस्क एकदा लावून बघा.