अणुघड्याळाची हजेरी (लेखांक चौथा)

उपग्रहाकडून निघालेला संकेत आपल्या हातातील यंत्रापर्यंत येण्यास किती अवधी लागला हे कळले, की उपग्रहाचे अंतर कळते, आणि अशी चार अंतरे मिळाली म्हणजे आपले स्थान निश्चित होते, हे मागील लेखांकात आपण पाहिले. परंतु प्रकाश एका सेकंदाच्या दशलक्षांशात ३०० मीटर जातो. म्हणजे उपग्रहावरील घड्याळात तेवढीच चूक शिरली, तरी बंदराच्या तोंडाशी सुखरूप असलेली होडी नकाशात खडकावर चढलेली दिसावयाची. म्हणून या साऱ्या व्यवस्थेचा कणा घड्याळ हाच आहे.

सामान्य घड्याळातील स्फटिक उष्णतेने व वयाने आपली चाल बदलतो, आणि एकाच हाताने कापलेले दोन स्फटिकही तंतोतंत सारखे निघत नाहीत. याउलट एकाच समस्थानिकाचे दोन अणू, मग ते अहमदाबादेत असोत की अंतराळात, परस्परांहून तसूभरही भिन्न नसतात. या गुणाचा उपयोग करून रुबिडियमच्या घड्याळात काचेच्या लहानशा कुपीत त्या धातूची वाफ कोंडतात व तिच्यातून रुबिडियमच्याच दिव्याचा प्रकाश सोडतात. हा प्रकाश अणूंना अशा अवस्थेत नेऊन ठेवतो, की त्यांना तो पुढे शोषून घेता येत नाही आणि वाफ पारदर्शक होते. मग स्फटिकाच्या स्पंदनांपासून तयार केलेली सूक्ष्मलहर कुपीवर सोडतात. तिची स्पंदने सेकंदास सुमारे ६८३ कोटी ४७ लक्ष या ठरलेल्या संख्येशी जुळली, तरच अणू मूळ अवस्थेस परततात, पुन्हा प्रकाश शोषू लागतात, आणि पलीकडे पोहोचणारा उजेड किंचित मंदावतो. तो मंदावला नाही, तर स्फटिक बहकला असे समजून त्याला तत्काळ ताळ्यावर आणले जाते. राबतो स्फटिकच, अणू केवळ त्याची हजेरी घेतो. १९५५ मध्ये इंग्लंडात टेडिंग्टन येथे एसेन व पॅरी यांनी सीझियमच्या अणूवर चालविलेल्या घड्याळामागेही हेच तत्त्व होते, आणि १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० स्पंदनांवर बांधली गेली आहे.

एवढा बंदोबस्त करूनही काळ स्वतःच एक अडचण उभी करतो. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तेथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे त्यांचे घड्याळ दररोज सेकंदाचे ४५ दशलक्षांश पुढे जाते, वेगामुळे ७ मागे पडते, आणि या जमाखर्चात ३८ शिल्लक उरतात. ती तशीच साचू दिली, तर अंतराच्या मापात एका दिवसात ११ किलोमीटरांची तफावत पडेल. १९७७ मध्ये सीझियमचे घड्याळ घेऊन गेलेल्या एका उपग्रहावर ही तफावत दुरुस्त करणारी योजना सुमारे वीस दिवस मुद्दाम बंद ठेवण्यात आली, कारण आइन्स्टाइनचा हिशेब येथे लागू पडेल की नाही, याविषयी काही जाणकारांनाही शंका होती. मोजलेली वाढ भाकिताशी शेकडा एक अंशाच्या आत जुळली. मानवी बुद्धीचा इतका निर्मळ विजय क्वचितच पाहावयास मिळतो, असे मला वाटते.

उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या आपल्या देशाच्या ‘नाविक’ या व्यवस्थेला हे घड्याळ फार महाग पडले. १ जुलै २०१३ रोजी पाठविलेल्या पहिल्या उपग्रहावरील परदेशातून आणलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली आणि बाकीची यंत्रणा शाबूत असूनही तो उपग्रह स्थाननिश्चितीस निरुपयोगी झाला. त्याच्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सोडलेला उपग्रह उष्णताकवच न सुटल्यामुळे गमावला, व ती जागा भरून काढणारा उपग्रह १२ एप्रिल २०१८ रोजी गेला. हाताएवढ्या यंत्रासाठी परक्यांवर विसंबून राहिले, तर सबंध उपग्रह कसा वाया जातो, याचा दाखला याहून स्पष्ट नको. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने तयार केलेले रुबिडियमचे स्वदेशी घड्याळ २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ या उपग्रहाबरोबर श्रीहरिकोट्याहून अंतराळात गेले.