खंड पडल्यावर पुन्हा वजन उचलताना

• नंदीध्वज : मकरसंक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी हा पारंपरिक पोशाख घातलेला सेवेकरी नंदीध्वजाची उंच काठी एकट्याने तोलत चालतो. नुसत्या ताकदीचे हे काम नव्हे; कंबर, पोटऱ्या आणि तोल यांचा कस लागतो. म्हणूनच यात्रेआधी सराव ठेवतात; खंडानंतर वजन उचलतानाही तशीच तयारी हवी.

• स्नायूंची झीज : तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के, साठीनंतर अधिक. वैद्यकीय नाव सार्कोपेनिया.

• स्नायू आणि कंडरा : गेलेली ताकद तुलनेने लवकर परतते. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा मात्र सावकाश सरावतात. दुखापतीचा धोका इथेच. सुरुवात जुन्या वजनाच्या निम्म्याने किंवा त्याहून कमी वजनाने.

• बार : वेटलिफ्टिंग स्पर्धेतला पुरुषांचा २० किलो, महिलांचा १५, प्लेट न लावता.

• किती दिवस : जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस करावा. पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचे व्यायाम किमान ३ दिवस.

• उन्हाळा : एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. व्यायाम पहाटेच.

• रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. छातीत दुखले, चक्कर आली, तर तिथेच थांबा.