आम्लात राहणारा, आम्ल बाहेर ठेवणारा

दक्षिण स्पेनमधल्या रिओ टिंटो नदीचे पाणी तांबडे आणि लिंबाच्या रसाइतके आंबट आहे. सामू साधारण 2.3. तिथे ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा जिवाणू मजेत राहतो, तेव्हा तो आतूनही आम्लानेच भरलेला असणार, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याच्या पेशीतला सामू 6.5 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ उदासीन असतो. बाहेर हायड्रोजन आयन दहा हजार पटींहून अधिक, आणि ते सतत आत घुसू पाहतात. या रेट्यावरच पेशी आपली ऊर्जा तयार करते. आत आलेल्या आयनांची ऑक्सिजनशी गाठ घालून त्यांचे पाणी करून टाकते. त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन ती बाहेरच्या आवरणावरच फेरस लोहाकडून काढून घेते. तेव्हा ‘दगड खाणारा जिवाणू’ हेही तसे ढोबळच वर्णन.

मग आम्ल एवढे निगुतीने आवरायचेच असेल, तर साध्या पाण्यात का राहू नये? कारण तिथे त्याची उपासमार होईल. उदासीन पाण्यात फेरस लोह नुसत्या हवेनेच भराभर गंजते आणि गाळ होऊन तळाशी बसते. तीव्र आम्लात मात्र हवेचे फारसे चालत नाही, लोह विरघळलेले राहते आणि या जिवाणूच्या वाट्याला येते. आम्ल त्याचे अन्न राखते. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीला याच पंगतीत बसवणे म्हणूनच चूक आहे; तो युरियापासून अमोनिया तयार करून भोवतालचे आम्ल मारतो. तो आम्लात तगून राहतो, एवढेच.

रिओ टिंटोतले हे आम्ल तिथल्या खाणींनीच निर्माण केले, हा आक्षेप अर्धाच खरा. हा जिवाणू 1947 मध्ये अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणीतून झिरपणाऱ्या पाण्यातच सापडला होता. पण रिओ टिंटोच्या काठावरचे लोहाचे जुने थर माणसाने पहिली कुदळ मारण्याच्या लाखो वर्षे आधीचे आहेत. जिवाणूने तयार केलेले फेरिक लोह पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजावर तुटून पडते. त्यातून गंधकाम्ल आणि पुन्हा फेरस लोह मिळते. जिवाणूंमुळे लोहाचे ऑक्सिडीकरण दहा लाख पटींपर्यंत वेगाने होऊ शकते. खाणकाम पुरलेले पायराइट उकरून हवापाण्यासमोर मांडते, म्हणजे चालू चक्राला इंधन पुरवते. चुना टाकला की खाणीतून बाहेर पडलेले पाणी निवळते, पण उकरलेल्या दगडमातीच्या उघड्या ढिगाऱ्यात नवे आम्ल तयार होतच राहते. म्हणून तो ढिगारा पाण्याखाली बुडवून किंवा झाकून त्याचा ऑक्सिजन तोडावा लागतो.